दोन गुलाबी आणि आईचे दोन डोळे

आईची अट एकच होती. खोली पांढरी नको, राखाडी नको, "ते तुमचं ऑफ-व्हाइट" तर मुळीच नको. गुलाबी हवी. पांढऱ्या खोलीत झोपलं की सलाइन लावल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. पंचाहत्तरीत, सावंतवाडीजवळचं घर भावाच्या स्वाधीन करून ती आमच्याकडे कायमची राहायला येणार होती, त्यामुळे तिच्या खोलीच्या रंगावर दुसऱ्या कोणाचं मत चालणार नव्हतं. नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं, की भिंती साध्या ठेवू आणि चादरी-पडदे गुलाबी घेऊ. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आंबोळीचा विषय काढला.

गुलाबीचं हे वेड तिच्या माहेरचं. तिकडे तुळशीवृंदावनाला आणि ओट्याच्या कडांना काव लावायचे. काव म्हणजे जांभ्या दगडाच्या मुलखातली लाल माती. लावून उरलेली काव चुन्यात कालवून माजघराच्या भिंतींना हात दिला जाई. रंग सुटू नये म्हणून त्यात सरस घालत. अंगाला घासलं तर थोडा रंग लागायचाच, पण भिंती दिवसभर उबदार दिसायच्या, असं ती सांगते. तेव्हा मला वाटलं, उत्तर तयारच आहे. लाल माती आणि चुना, म्हणजे अबोलीकडे झुकणारा फिकट गुलाबी. शेडकार्ड उघडायचं, तो शोधायचा, झालं.

आधी खोली सांगते, कारण खोलीतल्या प्रत्येक गोष्टीने पुढे रंगात हात घातला. कोथरूडमधली जुनी इमारत, दुसरा मजला, ११ बाय १२ची खोली, उंची साडेनऊ फूट. खिडकी उत्तरेला. खिडकीबाहेर सोसायटीचा आंबा, इतका जवळ की वारा सुटला की पानं गजांना घासतात. खाली हिरवट-करड्या ठिपक्यांची मोझॅक फरशी. भिंतींवर आधीचा फिकट पिस्ता रंगाचा डिस्टेंपर, खिडकीखाली पोपडे धरलेला. आईचं सागवानी कपाट गावाहून टेम्पोने येणार होतं.

रंगाऱ्याने दसऱ्याच्या आधी येऊन भिंती ठोकून पाहिल्या. खिडकीखालच्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायला सांगितला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव साचलं होतं. "ओल आहे ताई, अजून वाळू दे. आत्ता लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर दिवाळीपर्यंत फुगून येईल." त्यामुळे रंग निवडायला आपोआप वेळ मिळाला. तो नसता मिळाला तर मी अबोली लावून मोकळी झाले असते, आणि ही गोष्ट चार ओळींत संपली असती.

शेडकार्डाबद्दल एक युक्ती दुकानदाराने दाखवली, ती आजवर कोणी कशी सांगितली नव्हती याचं नवल वाटतं. पट्टीवर एकाच कुळातल्या छटा फिकटपासून गडदपर्यंत एकाखाली एक असतात. दोन पट्ट्यांच्या वरच्या टोकाच्या छटा शेजारी धरल्या तर फरक सांगता येत नाही, दोन्ही नुसत्याच गुलाबीसर. मग नजर सरळ खालच्या टोकाला न्यायची. एका पट्टीच्या तळाशी विटेचा रंग निघाला, दुसरीच्या तळाशी चक्क राणी. वरची फिकट छटा कोणत्या घरातून आली आहे ते तिथे कळतं. भिंतीवर चार बाजूंनी पसरली की ती त्याच घराच्या वळणावर जाते.

आईने दोन्ही पट्ट्या घेतल्या. विटेच्या घरातल्या फिकट छटेचं नाव घरात अबोली पडलं. राणीच्या घरातली छटा पाहताच आई म्हणाली, "ही सोलकढी." आणि खरंच, नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घातल्यावर जो थंड, किंचित जांभळ्याकडे कलणारा गुलाबी येतो तोच होता तो. कंपनीने दिलेली नावं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. पुढचे सगळे वाद अबोली आणि सोलकढी याच नावांनी झाले.

दुकानात रंग मिसळून देणाऱ्या टिंटिंग मशीनच्या पडद्यावर दोन्हींचं सूत्र दिसतं, ते मी मुद्दाम वाचून घेतलं. बेस दोन्हीकडे तोच पांढरा, टायटॅनियम डायऑक्साइडचा. अबोलीत लाल ऑक्साइड, पिवळं ऑक्साइड आणि नावाला काळा. सोलकढीत मॅजेंटा आणि काळ्याचा अगदी थेंब. म्हणजे आईच्या माहेरची काव आणि अबोलीतलं लाल ऑक्साइड हे नात्यातलेच, दोन्हीकडे लोखंडाचा गंज. असे ऑक्साइडचे रंग उन्हाने सहसा विटत नाहीत, मॅजेंटासारखे रंग फिकट छटेत तुलनेने लवकर उडतात, असं दुकानदार म्हणाला. पण उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येतं कुठे, त्यामुळे तो मुद्दा बाद झाला. मात्र बाल्कनीला किंवा पश्चिमेच्या भिंतीला गुलाबी लावणाऱ्याने तो विसरू नये.

दोन्हींच्या एकेक लिटरच्या डब्या करून घेतल्या. मशीनवर बनवलेला रंग दुकान परत घेत नाही, हे तिथे पाटीवरच लिहिलेलं असतं, म्हणून नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. पण चार लिटरचा चुकीचा डबा आणि दोन हातांची मजुरी यापुढे एक लिटर काहीच नाही.

रंगाऱ्याने त्याच्या सवयीने जुन्या भिंतीवरच दोन चौकोन मारून दाखवले. आई आत आली आणि दारातच थांबली. "शी, किती भडक!" दोन्ही चौकोन पिस्त्याच्या शेजारी पेटल्यासारखे दिसत होते. हातातली पट्टी धरून पाहिली तर रंग तोच. ही करामत हिरव्याची. हिरव्याला लागून ठेवला की गुलाबी असतो त्याहून लाल दिसतो. हे कोडं सोडवणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ होता. मिशेल यूजीन शेव्रल, पॅरिसमधल्या गोबेलँच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख. तिथे भिंतीवर टांगायची विणकामाची चित्रं बनत. काळा रंग मेलेला दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने सूत तपासलं आणि रंगात काही खोट नाही हे त्याच्या ध्यानात आलं. खोट शेजारच्या रंगाची होती. १८३९मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला. आमच्या रंगाऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही आधी प्रायमर मारायला सांगतो."

भिंत अजून ओली, प्रायमर मारता येत नव्हता. मग स्टेशनरीच्या दुकानातून जाड ड्रॉइंग पेपरचे मोठे ताव आणले, त्यांच्यावर रोलरने दोन हात दिले आणि कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडली, म्हणजे पिस्ता अंगाला लागणार नाही. हे ताव म्हणजे या सगळ्या खटाटोपातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट. भिंतीवरचा चौकोन जागचा हलत नाही. ताव खिडकीशेजारी लावा, खिडकीसमोर लावा, कोपऱ्यात लावा, कपाटाच्या जागेमागे लावा. वाळायला मात्र पूर्ण दिवस द्यायचा. चुना वाळला की उजळतो, इमल्शन वाळलं की किंचित गडद होतं. ओल्या रंगावर मत देणाऱ्याचं काही ऐकू नये.

ताव लावल्यापासून घरात दोन पक्ष पडले. मी अबोलीची, कारण काव, माजघर, आईचं माहेर हे सगळं माझ्या डोक्यात जुळलं होतं. मुलगी सोलकढीची. ती बंगळूरला असते आणि तिने व्हिडिओ कॉलवर पाहून मत दिलं, ज्याला काडीचा अर्थ नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपल्या मनाने सावरतो, त्यामुळे तिला दोन्ही ताव एकदा बदामी आणि एकदा जांभळे दिसले. तिनेच मग अमेरिकेतल्या तुरुंगाचा किस्सा पाठवला. १९७९मध्ये सिएटलच्या नौदलाच्या कोठडीत भिंती एका ठरावीक गुलाबी रंगाने रंगवल्या, कैदी शांत होतात असं म्हणून. त्या छटेला तिथल्या दोन अधिकाऱ्यांची नावं मिळाली, बेकर-मिलर पिंक. पुढे काटेकोर चाचण्यांत तो परिणाम काही टिकला नाही. मी आईला वाचून दाखवलं. "म्हणजे मला गप्प बसवायला गुलाबी देताय होय?" एवढंच बोलून तिने चष्मा पुसला.

उजेडाचं प्रकरण मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण खरी निवड तिथेच होते.

सकाळी उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आभाळाचा असतो, उन्हाचा नाही. त्यात निळा जास्त. आठच्या सुमारास अबोली त्या उजेडात फार देखणी दिसायची, स्वच्छ, हलकी, नेमकी मला हवी तशी. सोलकढी त्याच वेळी लव्हेंडर व्हायची. फिकट जांभळ्या रंगाच्या ब्यूटी पार्लरात आपण बसलो आहोत असं मला वाटायचं, आणि मी मनात निकाल लावून ऑफिसला जायचे.

दुपारी घरी असायची आई. अकरानंतर ऊन आंब्यावर चढतं आणि खोलीत येणारा उजेड पानांवरून, पानांतून गाळून येतो. खोलीभर हिरवी झाक. भर घालायला खालची मोझॅक, तीही हिरवटच, भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर आपला रंग फेकते. या उजेडात अबोलीतला पिवळा वर येतो आणि लाल मागे पडतो. उरतो तो बिस्किटी, जरा मळका. रविवारी आईने मला मुद्दाम दुपारी जेवण झाल्यावर तिथे उभं केलं. "सांग आता, ही गुलाबी आहे?" नव्हती. कोणीही तिला मळकी क्रीमच म्हटलं असतं. सोलकढीचा जांभळेपणा मात्र त्याच हिरव्याने कापला होता. मॅजेंटा आणि हिरवा हे रंगचक्रात समोरासमोर बसतात, एक दुसऱ्याला विझवतो. सकाळी ओरडणारी सोलकढी दुपारी आवाज खाली करून, तरीही गुलाबीच, भिंतीवर होती.

संध्याकाळी ट्यूब. आपल्याकडे घरोघरी लागते ती ६५०० केल्विनची, डोळ्यांवर येणारी निळसर पांढरी. केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. तिच्याखाली सोलकढी परत दवाखान्याकडे जायला लागली, आणि दवाखान्यापासून पळण्यासाठीच तर हा सगळा घाट. मी टेबललॅम्पमधला ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणून धरला तर सोलकढी एकदम खुलली, पण अबोली नारिंगी झाली, जर्दाळूच्या जॅमच्या वळणावर. म्हणजे ट्यूब बदलली की निकाल बदलतो. शेवटी ४००० केल्विनची आणली, पाकिटावर 'नॅचरल व्हाइट' असं लिहितात ती. एलईडी घेताना पाकिटावर सीआरआयचा आकडाही बघावा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा. ८०च्या आसपासच्या स्वस्त दिव्यांत गडद लाल बहुधा दुबळा असतो, आणि गुलाबीचा जीव लालातच असल्याने भिंत निस्तेज दिसते. ९०ची ट्यूब थोडी महाग मिळाली. रंगावर हजारो रुपये घालणारी माणसं दिव्यावर दोनशे वाचवतात, याचं मला आता खरोखर कोडं पडतं.

इथपर्यंत मामला दोन रंग आणि तीन उजेड यांचा होता. मग आईने एका संध्याकाळी पलंगावर बसल्या बसल्या उजवा डोळा तळहाताने झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. मला वाटलं, चष्मा टोचतोय. ती म्हणाली, "अगं, याने पाहिलं तर दोन्ही अबोलीच आहेत. आणि याने पाहिलं तर एक गुलाबी आणि एक जांभळी."

तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू उन्हाळ्यातच काढला होता. डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. आणि आम्ही सगळे जण, उजेड, फरशी, आंबा यांचा विचार करणारे, ज्या डोळ्यांसाठी रंग लावायचा ते डोळे हिशेबात धरत नव्हतो.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर तपकिरीकडे. हे भिंग निळा उजेड अडवतं. ही गोष्ट इतक्या सावकाश होते की माणसाला पत्ता लागत नाही, मेंदू पांढऱ्याला पांढरंच म्हणत राहतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून कृत्रिम बसवतात आणि अडवलेला निळा एका दिवसात परत येतो. पट्टी निघाल्यावर आईचं पहिलं वाक्य आम्हाला पाठ आहे: "तुमचं स्वयंपाकघर पांढरं आहे होय? मला वाटायचं, तेलकटाने पिवळं पडलंय आणि तू घासत नाहीस." आता तिचा एक डोळा नवा, एक जुना. जुन्या डोळ्याला सोलकढीतला निळसर अंश पोचतच नव्हता, म्हणून त्याच्या लेखी दोन्ही ताव सारखे. नव्या डोळ्याला तो आपल्यापेक्षाही जास्त पोचत असावा, कारण माझ्याही भिंगावर पन्नाशी साचलेली आहे.

चित्रकार क्लोद मोने याचं असंच झालं होतं. १९१२मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, १९२३मध्ये, ऐंशी उलटल्यावर, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. डाव्याला त्याने हात लावू दिला नाही. ऑपरेशननंतर सगळं फार निळं दिसतं म्हणून वैतागायचा आणि रंगीत काचांचे चष्मे लावून पाहायचा. त्याच्या चित्रांतले तांबूस-तपकिरी तळे आणि नंतरची निळाई यांवर डोळ्यांचे डॉक्टर अजून लिहितात. आईला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिला मोनेपेक्षा त्याने दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन का टाळलं यात रस होता, आणि तिचंही टळतं का हे तिला पाहायचं होतं, म्हणून मी तो विषय आवरता घेतला.

पण प्रश्न तिनेच नीट मांडला. "रंग जुन्या डोळ्यासाठी लावायचा की नव्या?" डॉक्टरांच्या तारखेने उत्तर दिलं होतं. दिवाळीनंतर दोन्ही डोळे नवे होणार, आणि रंग पाच-सात वर्षं राहणार. म्हणून त्यानंतर तावांसमोर बसताना तिने डाव्या डोळ्याला मताचा अधिकारच ठेवला नाही. चष्म्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवला आणि दुपारी, संध्याकाळी, रात्री दिवा लावून, असं पाहत बसायची. शेजारच्या काकू आल्या आणि आईला लकवा-बिकवा झाला की काय म्हणून घाबरल्या.

अबोली माझी आवडती होती, तरी कबूल करायला हवं होतं, की मी ती सकाळी आठला निवडत होते, आणि सकाळी आठला आई त्या खोलीत नसतेच. ती तेव्हा गॅलरीत पेपर आणि चहा घेऊन असते, दहानंतर देवपूजा, स्वयंपाकघरात लुडबुड. खोलीत ती जाते दुपारी जेवून, आणि मग संध्याकाळी मालिकेनंतर. त्या दोन्ही वेळा सोलकढीच्या होत्या. टेम्पोतून कपाट उतरलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. सागाचं पॉलिश नारिंगीकडे झुकलेलं, अबोलीपुढे ते भिंतीत विरघळून गेलं. सोलकढीपुढे मात्र त्याच्या कडा, मुठी, आरसा सगळं उठून दिसत होतं. माहेरच्या कावेचं काय, असं मी विचारलंच. "तिथे बाहेर लाल अंगण होतं आणि दारातून ऊन यायचं," आई म्हणाली. "इथे कुठून आणणार?"

तरी कार्डावर निवडलेली सोलकढी जशीच्या तशी लावली नाही. रंगाऱ्याने आणखी एक गोष्ट करायला लावली. सोलकढीचा दुसरा ताव रंगवून दोन्ही ताव कोपऱ्यात काटकोनात धरायला सांगितले आणि म्हणाला, "आत बघा." जोडाच्या ठिकाणी रंग चांगलाच दाट दिसत होता. एका भिंतीवरून निघालेला गुलाबी उजेड दुसरीवर पडतो, तिथून परत पहिलीवर, आणि प्रत्येक फेरीत गुलाबी वाढतो. चार भिंतींच्या खोलीत हे सगळीकडे चालू असतं. "म्हणून गुलाबी, पिवळा, पोपटी, हे एक पायरी खालीच घ्यायचे. माणसं कार्डावर आवडलेला मारतात आणि मग आम्हाला शिव्या." खाली म्हणजे फिकट. त्याच पट्टीवरची एक पायरी फिकट छटा ठरली. छतही निळसर पांढरं न घेता साध्या, किंचित दुधाळ पांढऱ्यात ठेवलं, कारण गुलाबीची झाक तिथे पोचणारच होती.

एक गोष्ट मी माझ्या अकलेने घातली, आणि म्हाताऱ्या माणसाची खोली करणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते. छटा किती उजेड परत फेकते याचा ० ते १०० असा आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात. काही कंपन्या तो शेडसोबत देतात. अंधूक दिसणाऱ्यांना भिंत आणि दार वेगळं कळावं म्हणून दोन्हींच्या आकड्यांत ३०चा फरक असावा, असं ब्रिटनच्या अपंगस्नेही बांधकामाच्या निकषांत धरतात. फिकट गुलाबी भिंतीवर पांढरी चौकट आणि पांढरे स्विच म्हणजे दोन्ही जवळजवळ अदृश्य. म्हणून दाराची चौकट तपकिरी ठेवली, आणि पलंगाशेजारच्या स्विचबोर्डाभोवती तसलीच पट्टी मारून घेतली. रंगाऱ्याला ती फार विद्रूप वाटली. मलाही. आईचा हात रात्री अंधारात बरोबर तिथे जातो.

बाकीचं काम सुरळीत झालं. घेर ४६ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ४३७ चौरस फूट. दार, खिडकी वगळून ३८०च्या आतबाहेर. इमल्शन लिटरला दोन हातांत साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणून ४ लिटरचा एकच डबा घेतला आणि उरवला. डबे दोन असते तर ते आधी एकत्र ढवळून घ्यायचे असतात, नाहीतर एका भिंतीचा गुलाबी दुसरीशी जुळत नाही. खरवडणं, लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर यांतली धूळ कुठे कुठे गेली ते विचारू नका. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर अजून सापडते. पहिल्या हातानंतर आई बघायला आली आणि काही न बोलता गेली. दुसरा हात वाळल्यावर खुर्ची आत नेऊन बसली आणि रंगाऱ्याला म्हणाली, "शेवटी तुमचंच खरं, एक पायरी खाली." तो एवढा खूश झाला की खिडकीच्या गजांना फुकटात ऑइलपेंट मारून दिला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन तिने आधी एक, मग दुसरा डोळा झाकून भिंत पाहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हींत अजून थोडा फरक आहे. भिंग दोन्ही डोळ्यांत एकाच प्रकारचं बसवलंय असं डॉक्टर सांगतात, पण आईचा त्यावर विश्वास नाही.

अबोलीची उरलेली डबी वाया गेली नाही. पॅसेजच्या पूर्वेकडच्या भिंतीला ती लावली, तिथे सकाळचं ऊन येतं आणि मी चपला घालताना ती मला दिसते. वरच्या मजल्यावरची एक बाई आईची खोली पाहून इतकी भारावली की सोलकढीचा कोड लिहून मागायला लागली. तिची खिडकी पश्चिमेला, समोर मोकळं मैदान, फरशी पांढरी व्हिट्रिफाइड. आईने कोड दिला नाही, दोन्ही ताव दिले आणि दुपारी तीनला लावून बघा म्हणून बजावलं. ताव अजून परत आलेले नाहीत.